जुन्या पिकअपमध्ये पायाखाली पाणी आणि दाराला गंज: माझा अनुभव
लक्षण असं: रत्नागिरीच्या पावसात गाडी रात्रभर उघड्यावर राहिली की सकाळी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट चिंब. ब्रेक दाबला की दारात पाणी डुचमळायचं, दाराच्या खालच्या कडेचा रंग फुगलेला. काचेचं रबर बदललं, कडेनं सिलिकॉन भरलं, दाराचं बीडिंग नवं घातलं, फरक शून्य. वैताग आला होता.

पाणी तुंबत होतं वायपरखालच्या जाळीमागे. तिथे आंब्याची कुजलेली पानं आणि लाल माती यांचा लगदा बसला होता.

आधी जाळी काढून लगदा हातानंच उपसा. निचऱ्याच्या भोकातून तार फिरवा, मग मगानं पाणी ओता. धार गाडीखाली पडली पाहिजे. आत ठिबकलं तर पत्र्याचा जोड उघडलाय, तो वाळवून सीम सीलर (पत्र्याचे जोड बुजवायची पेस्ट) भरा. नंतर दाराचं पॅड काढा. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, म्हणून तळाची भोकं मोकळी हवीत.

मॅट आणि त्याखालचा फोम बाहेर काढून पत्रा पूर्ण वाळू द्या. सुटा गंज तारेच्या ब्रशनं खरवडा, उरलेल्यावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा स्थिर थर बनवणारं द्रावण) लावा. गंज काळा पडला की डब्यावरच्या सूचनेनुसार पुढे जा: रेड ऑक्साइड प्रायमर, त्यावर रंग. दाराच्या पोकळीत शेवटी कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मारा आणि भोकं लगेच पुन्हा मोकळी करा. गंजावर थेट काळं अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला मारतात तो जाड थर) मुळीच नको. ओल आत कोंडते आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

मृगाच्या आधी मगाची चाचणी दरवर्षी करा.