दुकानाची वेबसाइट आधी फोनवर उघडून बघा

ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून, मोबाइल डेटावर, आपल्या दुकानाची वेबसाइट उघडा. घरच्या वायफायवर नको, तिथे सगळंच झरझर उघडतं. गिऱ्हाईक तुम्हाला असंच शोधतं, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात फोन.

नौपाड्यातल्या एका पोळीभाजी केंद्राची साइट मी अशी उघडली, तर मेनूकार्डाचा फोटोच ५ एमबीचा! उघडायला वेळ लागला तो लागलाच, वर अक्षरं इतकी बारीक की दोन बोटांनी ताणून वाचावी लागली. महत्त्वाचा मजकूर फोटोत अडकवू नका, असं गूगलही सांगतं. पदार्थ आणि भाव सरळ टाइप करा. ‘पुरणपोळी’ शोधणाऱ्याला तो शब्द पानावर सापडायला हवा. पुष्कळ जण इंग्रजी अक्षरांत शोधतात, म्हणून तसाही एकदा लिहा. फोटो शे-दीडशे केबीपर्यंत आणले की पुरे.

जुलै २०१९ पासून नव्या वेबसाइटची नोंद घेताना गूगल मुळात मोबाइलवरचंच पान वाचतं. म्हणजे कॉम्प्युटरवर दिसणारा पण फोनवर गाळलेला मजकूर शोधात जवळपास वायाच जातो. मला विचाराल तर ही चूक सगळ्यांत महाग पडते, कारण ती मालकाच्या नजरेलाच पडत नाही.

फोन नंबरवर बोट ठेवताच कॉल लागतो का, तेही बघा. आणि गूगल मॅप्सवरच्या वेळा गणपती-दिवाळीच्या आधी बदलून ठेवा.