नळ, बोअर, टँकर की जार? घरातल्या पिण्याच्या पाण्याची तुलना कशी करावी

पुण्याच्या कडेच्या वस्त्यांमध्ये एकाच घरात चार तऱ्हेचं पाणी येतं. सकाळी तासभर पालिकेचं, दिवसभर बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं आणि प्यायला वीस लिटरचा जार. यातलं प्यायचं कोणतं, हे बहुतेक घरांत जिभेवर ठरतं. गोड लागलं तर चांगलं, मचूळ लागलं तर वाईट. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बारी सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय कमजोर पडणाऱ्या आजाराचे) रुग्ण अचानक वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. हा जिवाणू जिभेला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजणाऱ्या मीटरवरही उमटत नाही.

म्हणून तुलना करताना प्रत्येक पाण्याला दोन वेगळे प्रश्न विचारा. यात जंतू आहेत का? आणि यात विरघळलेलं काय आहे? पहिल्यामुळे माणूस काही दिवसांत आजारी पडतो, दुसऱ्यामुळे बहुतेकदा काही वर्षांनी. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसे जातात आणि धोका तसाच राहतो.

१. पाणी येतं कुठून, ते स्वतः जाऊन पाहा

कागदावर घरात येणाऱ्या सगळ्या पाण्यांची नावं लिहा आणि कोणतं कोणत्या महिन्यात येतं तेही लिहा. मग वाट उलटी चाला. बोअर किंवा विहीर असेल तर शोषखड्डा, सेप्टिक टँक, गोठा किती लांब आहे ते पाहा. निदान पन्नास फूट अंतर हवं, आणि मुरमाड किंवा भेगाळ खडकात तेवढंही पुरत नाही. बोअरच्या तोंडाशी असलेल्या पाइपाभोवती (केसिंग) सिमेंटचा ओटा आहे का, पावसाचं पाणी तिथे साचतं का? टँकरवाल्याला तो कुठे भरतो ते थेट विचारा. पालिकेच्या भरणा केंद्रावर भरलेला टँकर आणि शेतातल्या विहिरीवर भरलेला टँकर ही दोन वेगळी पाणी आहेत, त्यांना एका रांगेत मोजू नका. सोसायटीची जमिनीखालची टाकीही उघडून पाहा. ड्रेनेजचा चेंबर तिच्या शेजारीच असेल तर टाकीला तडा आहे का, हे आधी तपासून घ्या.

२. क्लोरीन आणि जंतू तपासा

नळाच्या पाण्यासाठी ओटी टेस्ट पुरेशी आहे. गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हीच करतो. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकायचे आणि आलेला पिवळा रंग तक्त्याशी जुळवायचा. घरापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. ही चाचणी दोन ठिकाणी करा: एकदा थेट लाइनच्या नळावर आणि एकदा गच्चीच्या टाकीवरून येणाऱ्या स्वयंपाकघरातल्या नळावर. पहिल्यात पिवळा रंग आला आणि दुसऱ्यात काहीच नाही, तर पालिकेचं पाणी ठीक आहे. क्लोरीन तुमच्या टाक्यांमध्ये संपतोय. अशा वेळी नवा फिल्टर घेण्याआधी टाकी धुवा.

बोअर, विहीर, टँकर आणि जार यांच्यासाठी एचटूएस बाटली (विष्ठेतले जंतू असतील तर पाणी काळं करणारी चाचणीची बाटली) वापरा. बाटलीच्या आत बोट लावू नका, खुणेपर्यंत पाणी भरा आणि उबदार जागी ठेवा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं झालं तर ते तसंच प्यायचं नाही. जारचं पाणीही याच चाचणीतून काढा. सीलबंद, छापील परवाना क्रमांक असलेला जार वेगळा आणि झाकण लावून दारात ठेवलेला सुटा थंड जार वेगळा. सुट्या जारमध्ये पाणी आरओ फिल्टरचं असलं, तरी जार कशाने धुतला हे कुणी सांगत नाही.

३. वर्षातून एकदा प्रयोगशाळेत द्या

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांमध्ये अल्प शुल्कात पाणी तपासून मिळतं. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्या आणि काठोकाठ भरा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र बाटली त्यांच्याकडूनच आणा आणि ती धुऊ नका, ती निर्जंतुक केलेली असते. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग भरा आणि त्याच दिवशी पोचवा.

अहवाल आला की तो या आकड्यांशी ताडून पाहा. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे टीडीएस ५०० मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. कठीणपणा २००, पर्याय नसेल तर ६००. फ्लोराइड १, फार तर १.५. नायट्रेट ४५, आणि त्याला अजिबात सवलत नाही. ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

माझ्या मते या अहवालात टीडीएसच्याही आधी नायट्रेट पाहावं. शेतातली खतं आणि शोषखड्डे यांतून ते बोअरमध्ये उतरतं. त्याला रंग, वास, चव काहीच नसते. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. ज्या घरात बाटलीचं दूध पिणारं तान्हं बाळ आहे, तिथे ४५ च्या वरचं पाणी दुधात वापरूच नये. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने घटते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत हीच काळजी फ्लोराइडची घ्यावी लागते. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसू लागले तर अहवालाची वाट पाहत बसू नका, स्रोत बदला.

४. दोषाप्रमाणे उपाय निवडा

फक्त जंतूंची शंका असेल तर पाणी खळखळून उकळू द्या, एक मिनिट पुरे. किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) लेबलवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, कारण गढूळपणा क्लोरीन खाऊन टाकतो आणि यूव्ही फिल्टरचा प्रकाशही अडवतो.

क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तरच आरओ घ्या. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे, त्याला खरंच पर्याय थोडे आहेत. पण पालिकेचं दोनशे टीडीएसचं पाणी आरओतून काढणं म्हणजे एका लिटरसाठी दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडणं. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. अशा घराचं यूव्ही फिल्टरवर किंवा साध्या उकळण्यावर भागतं.

पावसाचं पाणी यादीत धरायला विसरू नका. हजार चौरस फुटांच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे नऊशे लिटर पाणी पडतं, आणि त्यात फ्लोराइड-क्षार जवळजवळ नसतात. कोकणात धो धो पाऊस होऊनही एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात, तिथे पिण्यापुरती बंद टाकी मोठा आधार आहे. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या, पन्हाळी साफ करा, तोंडाला जाळी लावा. प्यायच्या आधी हे पाणीही उकळा. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावरचं मात्र घेऊ नका.

५. खर्च मांडा

पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज वीस लिटर लागतं, म्हणजे रोज एक जार. समजा तो तीस रुपयांना पडतो, तर महिन्याला नऊशे झाले. त्याच्याशेजारी उकळायच्या गॅसचा किंवा फिल्टरच्या किमतीचा, दरवर्षी बदलायच्या कॅन्डल-मेंब्रेनचा आणि विजेचा खर्च लिहा. नळाचं पाणी बहुतेकदा इथेच पुढे जातं.

६. भांड्यापर्यंत पाहा

आरओतून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. ते साठवलं की पुन्हा दूषित व्हायला एक ओला हात पुरतो. माठाला तोटी बसवा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि माठ दर दोन दिवसांनी घासा.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, पाइपलाइन फुटल्यावर किंवा टँकर बदलल्यावर ओटी आणि एचटूएस चाचणी पुन्हा करा. निकाल येईपर्यंत सगळं पाणी उकळूनच प्या, जारचंसुद्धा.