मंदी योजनांनी हटली की युद्धाने? पडताळून पाहण्याची रीत

१९२९ ची महामंदी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारी योजनांनी हटली की दुसऱ्या महायुद्धाने, या प्रश्नाचा अभ्यास करताना आधीच एखादी बाजू घेऊन बसू नये. प्रथम तेथील बेकारीचे आकडे वर्षवार कागदावर उतरवावेत: १९३३ मध्ये सुमारे २५ टक्के, १९३७ मध्ये १४, १९३८ मध्ये पुन्हा १९ आणि १९४४ मध्ये जेमतेम १ टक्का.

मग या आकड्यांत बेकार कोणाला धरले आहे ते पाहावे, कारण खरी मेख तेथेच आहे. मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या बांधावर मातीची पाटी टाकणारी, जिचे नाव हजेरीपटावर होते, ती बाई बेकार की कामावर? अमेरिकेच्या जुन्या आकडेवारीने अशा मदतकामांवरील मजुरांना बेकारच मोजले. त्यांना कामावर धरले, तर १९३७ ची बेकारी ९ टक्क्यांच्या आसपास येते आणि योजनांबद्दलचे मत बरेच बदलते. अर्थात सगळे श्रेय योजनांना देऊ नये, कारण १९३३ मध्ये डॉलरची सोन्याशी असलेली जुनी बांधणी सुटून चलन वाढले, त्याचाही वाटा मोठा होता. १९३७ मध्ये सरकारने खर्चाला कात्री लावली, चलनही आवळले गेले आणि पुढच्याच वर्षी बेकारी उसळली. हा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो.

युद्धाचा हिशेब करताना प्रथम खर्चाचे आकारमान पाहावे. १९३९ मध्ये संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचा दोन टक्क्यांहून कमी भाग जात होता, तो १९४४ पर्यंत एक तृतीयांशाच्या वर गेला आणि सव्वा कोटीच्या आसपास माणसे गणवेशात आली, तेव्हा बेकारी उरणार कोठून? पण लोक काय खात होते आणि काय विकत घेऊ शकत होते, हेही विचारावे. साखर आणि टायर रेशनवर होते, तर १९४२ च्या फेब्रुवारीपासून सामान्य ग्राहकांसाठी मोटारी बनणे थांबले. आपल्याकडे तर युद्धाने सुबत्ता आणलीच नाही: हैदराबाद संस्थानातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला सक्तीची लेव्ही, म्हणजे सरकारला धान्य देण्याची सक्ती, आली आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली.

शेवटी पैसा कोणी भरला ते शोधावे. अमेरिकेने युद्धासाठी कर वाढवले आणि प्रचंड कर्ज काढले. रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. नोकरदाराच्या वेतनपत्रकावर एरवी दरमहा कापले जाणारे २०० आणि फेब्रुवारीतले ३०० रुपये हा तोच कर.