कच्चं वाटप, भाजकं वाटप आणि चतुर्थीची उकड

चतुर्थीला मुंबईहून आलेल्या आमच्या घरच्या मुली सामान ठेवतात, पाय धुतात आणि थेट स्वयंपाकघरात येऊन म्हणतात, "काकी, ह्या वर्षी मोदक शिकवच." मी त्यांच्यापुढे आडाळो, म्हणजे खवणीची विळी, सरकवते आणि दोन नारळ देते. आधी हे खवा. त्यांना वाटतं, मी माझं काम उरकून घेतेय. पण वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरात रोजचा स्वयंपाक वेगळा शिकायचा आणि सणाचा वेगळा, असं कधी झालंच नाही. नारळ, तांदूळ, सोलं (आमसुलं) आणि तिरफळ (उग्र वासाचं मसाल्याचं फळ) हे चार जिन्नस ज्याच्या हाताखालून रोज जातात, त्याला चतुर्थीचं पान जड जात नाही. म्हणून इथे मी सुरुवात माशाच्या कढीपासून करते. मोदकावर येऊच.

नारळ घेताना कानाशी धरून हलवा. पाणी नीट वाजलं पाहिजे. वाजतच नसेल तर आत खोबरं सुकून सुटं झालेलं असतं किंवा खराब तरी असतं. फोडल्यावर पाणी टाकून देऊ नका, घोटभर पिऊन पाहा. पाणी खवट लागलं की खोबरंही खवटच, आणि एका खवट नारळाने आख्खा टोप फुकट जातो. खवताना करवंटीजवळची तपकिरी साल वाटपात, म्हणजे वाटलेल्या खोबऱ्या-मसाल्यात, गेली तर चालते. मोदकाला आणि सोलकढीला मात्र फक्त पांढरं खोबरं घ्या. हात करवंटीजवळ पोचला की थांबायचं. ही एकच सवय मुलींना लागायला दोन वर्षं जातात.

कच्चं वाटप : बांगड्याची कढी

चार मध्यम बांगड्यांना अर्ध्या नारळाचं खोबरं, सात-आठ सुक्या मिरच्या (निम्म्या बेडगी रंगासाठी, निम्म्या तिखट), १ चमचा धणे आणि अर्धा चमचा हळद लागते. मिरच्या आणि धणे पाव तास कोमट पाण्यात भिजवा, मग खोबऱ्याबरोबर वाटा. पाणी थोडं थोडंच घाला. एकदम पाणी ओतलं की मिक्सरमध्ये खोबरं नुसतं गोल फिरत राहतं, वाटलं जात नाही. वाटप झालं का, हे डोळ्यांनी कळत नाही. चिमूटभर दोन बोटांत चोळा. कणी लागली तर अजून फिरवा. कणी राहिलेल्या वाटपाची कढी पानात पडली की पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे होतो.

आता तिरफळं. आठ-दहा पुरेत. आतली काळी बी काढून टाका, ती घ्यायची नाही. वरची सालं थोड्या पाण्यात घालून वरवंट्याने किंवा वाटीच्या बुडाने नुसती चेचा आणि पाण्यासकट कढीत ओता. तिरफळ वाटपाबरोबर वाटू नका. वाटलं की कडू उतरतं आणि जिभेला नको तेवढ्या मुंग्या येतात. चेचलेल्या तिरफळाचा वास तेवढा कढीत येतो, आणि बांगड्याचा उग्रपणा त्याच्यासमोर नमतो. पापलेटाला किंवा इतर नाजूक माशाला मी तिरफळ घालत नाही. तिरफळ बांगडा आणि तारली यांचं.

टोपात वाटप, कढी मध्यम पातळ होईल एवढं पाणी, मीठ आणि पाच-सहा सोलं घाला. एक उकळी आली की बांगड्याचे तुकडे आणि तिरफळाचं पाणी सोडा. सात-आठ मिनिटांत मासा शिजतो. फोडणी नाही, वरून तेल नाही. ढवळायला डाव घालू नका, मासा मोडतो. टोप फडक्याने दोन्हीकडून धरून गोल हिसका द्या. आच बंद करून अर्धा तास तशीच ठेवा, म्हणजे आंबट, तिखट आणि मीठ एकमेकांत मुरतं. आमच्याकडे सकाळच्या कढीला रात्री जास्त मागणी असते.

भाजकं वाटप : काळा वाटाणा

काळा वाटाणा रात्री भिजत घालायला विसरलात तर दुसऱ्या दिवशी वेगळं काही करा. गरम पाण्यात तासभर ठेवून तो मऊ होत नाही. दहा-बारा तास हवेतच. कुकरला सहा-सात शिट्या करा, आणि बोटाने दाबल्यावर पिठूळ फुटतो ना, ते पाहा.

वाटपासाठी खोबरं लोखंडी कढईत मंद आचेवर परता. इथे घाई करणाऱ्याचं वाटप वरून काळं आणि आतून कच्चं राहतं. आधी ओलसर वाफ निघते, मग खोबरं हलकं होऊन कढईत सळसळायला लागतं, मग रंग बदामी होतो. त्यानंतर एखाद्या मिनिटात तपकिरी होईल, तेवढ्यात कढई उतरवायची, कारण तापलेली लोखंडी कढई उतरवल्यावरही भाजतच राहते. रोजच्या उसळीला ह्याच कढईत आधी उभा चिरलेला कांदा आणि लसूण भाजून घेते. नैवेद्याच्या दिवशी ते दोन्ही वगळते आणि धणे, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा खोबऱ्याबरोबर भाजते. वाटताना शिजलेले दोन चमचे वाटाणे त्यात टाका, रस्सा आपोआप दाट होतो. मग मालवणी मसाला, मीठ, दोन सोलं आणि एक चांगली उकळी.

ही उसळ गोकुळाष्टमीला आंबोळ्या आणि शेगलाच्या भाजीबरोबर होते. शेगूल म्हणजे शेवग्याचा पाला. दिवाळीच्या पहाटे अंगणात तुळशीपुढे कारीट (कडू रानफळ) फोडून झालं की पोह्यांबरोबर पुन्हा हीच असते. गूळ-खोबऱ्याचे गोडे पोहे, ताकातले पोहे, तिखट पोहे आणि मधोमध काळ्या वाटाण्याची वाटी. एवढ्या प्रकारचे पोहे कशाला, असं विचारू नका. ज्याला जे आवडतं ते त्याने आधी संपवायचं असतं.

सोलकढीचं थोडक्यात सांगते. एका नारळाचं पांढरं खोबरं, दोन लसूण पाकळ्या आणि एक हिरवी मिरची दोन वाट्या कोमट पाण्यात वाटून फडक्यातून पिळा. मीठ आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घाला. आगळ घरोघरी वेगळा असतो, म्हणून चमच्याने मोजू नका, गुलाबी रंग आणि जीभ पाहा. आगळात आधीच मीठ असतं, तेव्हा वेगळं मीठ शेवटी. सोलकढी गॅसवर ठेवायची नाही. आंबटामुळे नारळाचं दूध लगेच फुटतं.

खतखतं : मासळीच्या टोपातून नैवेद्याच्या टोपात

श्रावण लागला की आमच्या घरी मासे बंद होतात ते गणपती पोचवेपर्यंत. पण जिभेची सवय काही श्रावण पाळत नाही. तिला कच्च्या वाटपाची आणि तिरफळाची आठवण येतेच. मला वाटतं, खतखतं, म्हणजे पाच-सहा भाज्यांची रसभाजी, त्यासाठीच जन्माला आलं असावं. बांगड्याची कढी ज्याला जमली त्याला खतखतं पहिल्या खेपेला जमतं, कारण वाटप तेच. मिरच्या निम्म्या करा आणि माशाच्या जागी भाज्या घाला.

भाज्या पाच तरी हव्यात: सुरण, लाल भोपळा, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, मक्याच्या कणसाचे तुकडे. अळकुड्या (अळूचे कंद) आणि मुळा मिळाला तर फारच छान. मूठभर तूरडाळ आधी शिजवून घ्या. सुरण चिरताना हाताला तेल लावा आणि शिजताना त्यात दोन सोलं टाका, म्हणजे घसा खाजत नाही. भाज्या एकदम टाकू नका. सुरण आणि मका आधी, शेंग आणि केळं मग, भोपळा सगळ्यात शेवटी, नाहीतर भोपळ्याचं पिठलं होतं. सगळं शिजत आलं की वाटप, सुपारीएवढा गूळ, मीठ आणि चेचलेली तिरफळं घाला. डाव बेताने फिरवा. नैवेद्याचं पान वाढताना झाकण काढलं की जो वास येतो, त्याने आमच्या घरातली माणसं आरतीला उभी असतानाच चुळबुळायला लागतात.

उकड

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला पिठी मी आणली होती, दुकानातून, पिशवीतली. सारण छान झालं, पाऱ्या कशाबशा जमल्या, मोदकपात्रात एकवीस मोदक ओळीने बसले. झाकण काढलं तेव्हा अकरा फुटलेले होते आणि गुळाचा पाक खाली पाण्यात टपकत होता. बाहेर भटजी आले होते. मला रडू आवरेना. सासूबाईंनी काही न बोलता उरलेली उकड परातीत घेतली, हात पाण्यात बुडवला आणि मळायला लागल्या. मी विचारलं, किती पाणी घालायचं? त्या म्हणाल्या, "पिठाक इचार गो, माका काय इचारतंस?"

पिठाला कसं विचारायचं, तेच आता सांगते.

पिठी नव्या तांदळाची हवी. जुना तांदूळ भाताला मोकळा म्हणून चांगला, पण त्याला चिकटपणा कमी, आणि उकडीला चिकटपणाच धरून ठेवतो. माझी त्या वर्षीची पिठी जुन्या तांदळाची होती. आंबेमोहरासारखा सुवासिक तांदूळ धुऊन, फडक्यावर पसरून घरातच सावलीत वाळवा. पावसाचे दिवस, तेव्हा पंख्याखाली दीड-दोन दिवस धरा. मग बारीक दळून आणा आणि वस्त्रगाळ करा.

एकवीस मोदकांना दोन वाट्या पिठी, दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ आणि एक चमचा तूप. सारणाला दोन वाट्या खोबरं, एक वाटी चिरलेला गूळ, वेलची आणि थोडं जायफळ. आमच्याकडे सारणाला चून म्हणतात. चून आधी करून गार होऊ द्या. गूळ विरघळून खोबरं एकत्र यायला लागलं, पण अजून ओलसर चमकतंय, तेव्हाच उतरवा. पार कोरडं होईपर्यंत परतलं तर गार झाल्यावर खडा होतो. पातळ राहिलं तर पारी फुटते.

पाणी, मीठ आणि तूप खळखळून उकळलं की आच बारीक करा, पिठी एकदम ओता आणि उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळा. गुठळ्या दिसतील, घाबरू नका, त्या मळताना जातात. झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ आणा, गॅस बंद करा आणि आणखी पाच मिनिटं झाकण उघडू नका.

मग परातीत थोडी थोडी उकड घ्या. हाताला सोसेल तेवढी गरम असतानाच मळायची, गार झालेली उकड ऐकत नाही. एका बाजूला पाणी, एका बाजूला तेल. हात पाण्यात बुडवून तळव्याच्या टाचेने दाबत पुढे ढकला, गोळा परत ओढा, पुन्हा दाबा. सुरुवातीला ती खरखरीत, तुटक लागते. पाच-सात मिनिटांनी आवाज बदलतो, परातीला लागून चिकट असा पचपच आवाज येतो, आणि गोळा लहान मुलाच्या गालासारखा होतो. आता लिंबाएवढी गोळी करून अंगठ्याने चपटी दाबा. कडेला चिरा पडल्या तर पीठ पाणी मागतंय. बोटाला चिकटून वर आलं तर पाणी जास्त झालंय, थोडी पिठी लावून मळा. कड गुळगुळीत राहिली तर पुढे चला. सासूबाईंनी त्या दिवशी चार वेळा हात बुडवला होता. दुसऱ्या वर्षी माझ्या पिठाला दोनदाच पुरलं.

पारी मधून जाड, कडेला पातळ हवी. पहिल्यांदा करणारे सगळे उलटं करतात आणि मोदक बुडाशी फुटतो. चून मध्ये ठेवून कडेला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांनी चिमटे घ्या. शिकताना सात-आठ कळ्या पुष्कळ झाल्या. कळ्यांच्या मोजणीपेक्षा तोंड नीट मिटलंय का, हे पाहा. उकड ओल्या फडक्याखाली झाकलेली ठेवा.

चाळणीत हळदीचं पान घाला. प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून लगेच पानावर ठेवा, म्हणजे वरची साल कोरडी पडून तडकत नाही. खालचं पाणी आधीच उकळलेलं असू द्या. दहा-बारा मिनिटांनी मोदकाला चमक येते आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही. गॅस बंद केल्यावर दोन मिनिटं थांबून मगच उचला, गरम मोदकाची कळी हातात येते. हळदीचं पान बिनकामाचं टाकू नका. नागपंचमीला आमच्याकडे चिरणं, तळणं आणि तवा बंद असतो, तेव्हा ह्याच पानावर पातळ पिठी सारवून, चून घालून, पान दुमडून पातोळे उकडतात. मोदक भीतीदायक वाटत असतील तर महिनाभर आधी पातोळे करा. चून आणि वाफ, दोन्हींचा हात त्यावर बसतो.

उकड थोडी उरतेच. तिच्यात हिरवी मिरची, जिरं आणि मीठ वाटून, कोथिंबीर घालून मळा, चपट्या निवगऱ्या थापा आणि त्याच पाण्यावर उकडा. वर कच्चं तेल. नैवेद्य दाखवून होईपर्यंत उपाशी राहिलेल्या बायका स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पहिला घास ह्याचाच घेतात.

त्या वर्षी फुटलेले अकरा मोदक सासूबाईंनी वाटीत कुस्करून, वर तूप घालून आम्हा दोघींसाठी ठेवले होते. आता त्या नाहीत. मोदकपात्राचं झाकण काढण्याआधी मी अजूनही क्षणभर थांबते.

आमचा गणपती पाच दिवसांचा. पोचवून आल्यावर मुली दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा भरतात, आणि तेवढ्यात वाटेवरून बांगडेवालीची हाक येते. खतखत्यासाठी आणलेली तिरफळं डब्यात थोडी उरलेली असतातच. गाडीला अजून चार तास आहेत म्हटल्यावर मी आडाळो परत पुढे सरकवते. ह्या खेपेला त्या न सांगता बसतात, आणि करवंटीजवळ हात आपोआप थांबतो.