बिझनेस इंटरनेट कनेक्शनवर अपलोड रखडतो? आधी हे करून पाहा

बडोद्यात दांडिया बाजारात तुमचा फोटो स्टुडिओ असो की मकरपुरा जीआयडीसीत वर्कशॉप, प्लॅनवरचा ‘१००’ हा आकडा सहसा डाउनलोडचा असतो. अपलोड १० एमबीपीएसच (सेकंदाला १० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) असेल, तर सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी जातो. म्हणजे लग्नाचं ४० जीबी फुटेज पाठवायला जवळपास नऊ तास!

१. लेखी विचारा. अपलोड किती, डेटाची मर्यादा किती, ती संपल्यावर वेग किती, हे कंपनीला ई-मेल करून विचारा. फोनवरच्या ‘साहेब, अनलिमिटेड ज छे’वर जाऊ नका.

२. स्पीड टेस्टने वेग मोजा. वाय-फायवर नव्हे, राउटरला लॅपटॉप केबलने जोडून, बाकी सगळं बंद ठेवून. सकाळी, दुपारी आणि रात्री. फक्त रात्रीच वेग पडत असेल तर ती गर्दी समजा: नेहमीच्या जीपॉन फायबरवर (एकच तार अनेक ग्राहकांत विभागणारं तंत्र) अपलोडचा सेकंदाला सव्वा गिगाबिट त्या तारेवरचे सगळे ग्राहक वाटून घेतात. चोवीस तास एकाच आकड्यावर अडकत असेल, तर ती प्लॅनची मर्यादा. तो आकडा ९४-९५ असेल तर मात्र कंपनीशी भांडण्याआधी आपली केबल आणि पोर्ट बघा. जुना १०० एमबीपीएसचा पोर्ट तिथेच थांबतो.

३. आपल्याच दुकानातली गळती शोधा. माझ्या मते खरा फायदा इथेच आहे, आणि तो फुकट आहे. क्लाउडवर जाणारा सीसीटीव्ही, मोबाइलचे फोटो-बॅकअप, अकाउंटच्या संगणकाचा बॅकअप हे दिवसभर गुपचूप अपलोड खातात. त्यांना रात्री एकची वेळ लावून द्या. अपलोड तुंबला की डाउनलोडही मंदावतो, कारण आलेल्या डेटाची पोच त्याच वाटेने परत जाते. म्हणून राउटरच्या क्यूओएसमध्ये (कुठल्या कामाला किती वेग द्यायचा, ते ठरवणारी सेटिंग) अपलोडची कमाल मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. आकडा घटतो, पण व्हिडिओ कॉल तुटायचे थांबतात.

४. तक्रार. कबूल केलेला वेग मिळत नसेल तर मोजणीचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार करा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. अपिलाला शुल्क नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ग्राहक आयोगात व्यावसायिक वापराची अडचण येते, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः धंदा चालवणाऱ्याला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सवलत आहे.

५. मगच पैसे वाढवा. लीज्ड लाइनमध्ये (फक्त तुमच्यासाठीची वेगळी लाइन) दोन्हीकडे सारखा, राखीव वेग आणि बिघाड दुरुस्तीची लेखी हमी मिळते, पण ती महाग. छोट्या स्टुडिओला दोन्हीकडे सारख्या वेगाचा फायबर प्लॅन बहुधा पुरतो. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट सहसा मिळतं. वर्षभराच्या सवलतीला भुलू नका; पहिला महिना महिन्याच्याच प्लॅनवर काढा आणि वेग पुन्हा केबल लावून मोजा.