डोहाळजेवणाचा मुकुट : घसरणं, टोचणं, कोमेजणं कसं थांबलं

फुलांचा मुकुट घसरत होता, कारण तारेचं बंद कडं डोक्याच्या मापाने केलं होतं. अंबाडा घातला की माप बदलतंच. आता 18 गेजची (जाडसर) सुमारे 60 सेंमी तार घेऊन दोन्ही टोकं वळवून छोटे फास करते, त्यांत साटीनची रिबन ओवून मागे गाठ मारते. सैल-घट्ट करता येतं.

फ्लोरल टेप (देठ-तारेवर गुंडाळायची मेणाची कागदी पट्टी) चिकटत नाही, कारण आपण ती सेलोटेपसारखी लावतो. ताणल्यावर तिच्यातलं मेण मोकळं होतं, मगच ती स्वतःला धरते. आधी नुसत्या तारेवर एक थर द्यावा. नाहीतर फुलांचे झुबके तारेभोवती गरगर फिरतात.

शेवंतीची मान हमखास मोडते. देठ 4 सेंमी ठेवावा, फुलाखालच्या हिरव्या भागातून 26 गेजची (बारीक) तार आरपार घालावी, दोन्ही टोकं खाली वळवून देठाला पिळावीत. वरून टेप हवीच, टोचतात ती हीच टोकं. प्रत्येक झुबका आधीच्याचा देठ झाकेल असा, एकाच दिशेने. गुलाब दोन-तीनच पुरेत, जास्त झाले की मुकुट कपाळावर झुकतो.

मोगरा शेवटी, तोही कळ्याच. पाणी शिंपडू नये, पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. तयार मुकुट ओलसर पंच्यात गुंडाळून डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. शेजारी केळी-आंबे नकोत : पिकताना निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर माना टाकतात.