भंगार सागवानातून पोकळ भांडे: लेथवर कसे कातावे

ओल्या ओंडक्याला सोलापूरचे ऊन सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की बाहेरचा भाग आतल्यापेक्षा लवकर वाळतो, आकसतो आणि टोकांना चिरा पडतात. म्हणून लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, पोकळ भांडे कातायचे असेल तर माझ्या मते इथे जुने लाकूडच बरे. पाडलेल्या वाड्याची तुळई, मोडीत निघालेल्या हातमागाची चौकट, फर्निचरच्या कारखान्यातले उरलेले तुकडे, काहीही चालेल. हे लाकूड वर्षानुवर्षे इथल्याच हवेत राहिलेले असते. आकसायचे तेवढे ते आकसून झालेले असते.

आपण १२ सेंमी रुंद आणि सुमारे ९ सेंमी उंच, पोट फुगीर आणि तोंड ८ सेंमीचे असे भांडे करू. त्यासाठी रंधा मारल्यावर २५ मिमी जाडीचे भरतील असे, १३ सेंमी बाजूचे चार चौरस तुकडे लागतील.

आधी प्रत्येक तुकड्यावरून चुंबक फिरवा. जुन्या तुळईत आत मोडलेला खिळा हमखास निघतो, आणि फिरत्या लाकडात हत्याराला खिळा लागणे धोक्याचे असते. मशीनचे तेल मुरलेले, वाळवी लागलेले किंवा चीर गेलेले तुकडे सरळ बाजूला काढा.

सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे जुन्या पृष्ठभागावर गोंद नीट धरत नाही. रंधा मारून ताजे लाकूड उघडे करा आणि लगेच फेविकॉल लावा. चारही थरांचे रेषे एकाच दिशेला हवेत. आडवे-उभे चिकटवले तर ऋतू बदलताना थर एकमेकांना ओढतात आणि जोड उघडतो. उन्हाळ्यात गोंद पटकन सुकतो, तेव्हा हे काम सकाळीच उरका. क्लॅम्प लावून २४ तास तसेच ठेवा.

ठोकळ्याचे कोपरे करवतीने उडवा. ज्या बाजूला तोंड येणार तिथे मधोमध फेसप्लेट (ठोकळा लेथला जोडणारी धातूची तबकडी) स्क्रूने बसवा. स्क्रूची भोके पुढे पोकळीत निघून जातात. दुसऱ्या बाजूने टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या सरकत्या टोकाचा, आधार द्या. ठोकळा हाताने एक फेरा फिरवून कुठे अडत नाही ना हे पाहा, मगच मोटर चालू करा. वेग सुरुवातीला मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास, गोल झाल्यावर १००० ते १२००.

बाहेरचा आकार बाऊल गाऊजने, म्हणजे भांडी कातायच्या खोलगट धारेच्या हत्याराने, काढा. दांडे कातायची रुंद रफिंग गाऊज इथे वापरू नका, ती अडकली तर मुठीजवळ मोडू शकते. जुन्या कानशीला धार लावून केलेले हत्यारही नको. कानस ठिसूळ असते. बाहेरून कातताना दोन्ही टोकांकडून पोटाकडे, म्हणजे कमी व्यासाकडून जास्त व्यासाकडे या. सागात सिलिका असल्याने धार लवकर जाते. चिपा जाऊन भुकटी पडू लागली की थांबा आणि ग्राइंडरवर धार लावा. बोथट हत्यार जोराने रेटण्यातूनच बहुतेक अपघात होतात.

बुडाला चकच्या (लेथवर लाकूड पकडणाऱ्या पकडीच्या) जबड्यांत बसेल असा सुमारे ८ मिमी लांबीचा खुंट काढा. फेसप्लेट काढा, भांडे उलटे करून तो चकमध्ये पकडा.

आता पोकळी. टेलस्टॉकमध्ये २५ मिमीचा ड्रिल बिट लावून मधोमध भोक पाडा. ठोकळ्याची एकूण उंची १०० मिमी. त्यातून खुंटाचे ८ आणि बुडाच्या जाडीचे १० वजा केले की ८२ उरतात. बिटच्या टोकासाठी थोडी जागा राखून ८० मिमीवर चिकटपट्टीची खूण करा. मग तोंडाकडून आत, भोकाच्या दिशेने, पातळ थर काढत जा. तोंड अरुंद असल्याने पोटाच्या आतली बाजू वाकड्या टोकाच्या हत्याराने खरवडावी लागते. टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, तोंडाच्या जितकी जवळ तितके बरे. हत्यार फार पुढे गेले की थरथरते. भुसा साचला की लेथ पूर्ण थांबवून ब्रशने काढा, फिरत्या तोंडात बोट कधीही घालू नका. भिंत ८ मिमी ठेवा आणि कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) वारंवार मोजा. अर्धे पोखरलेले भांडे रात्रभर चकमध्ये सोडू नका, ते वेडेवाकडे होते.

गळ्यात उपरणे-ओढणी नको, हातमोजे नकोत. चेहऱ्यावर शील्ड आणि नाकाला मास्क मात्र हवाच.

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४० आणि ३२० अशा क्रमाने फिरवा. बाहेरून लेथ चालू असताना, आतून बंद ठेवून. तोंडात घट्ट बसेल असा लाकडी गट्टू चकवर कातून त्यावर भांडे उलटे बसवा, टेलस्टॉकने दाबा आणि खुंट काढून टाका. बूड किंचित खोलगट ठेवले तर भांडे डुगडुगत नाही.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. हार्डवेअर दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात बहुधा लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगे घातलेली असतात, म्हणून त्या भांड्यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.